पंचेचाळीस नंबरची कळ

गोरेगावहून गोंदियाकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात. लहान, मोठ्या, तिरक्या, त्रिकोणी. पण एक बांधी दुसरीवर कधी चढत नाही. मध्ये धुरा असतो, धुऱ्यावर तुरीची ओळ असते, आणि जेवढी जमीन आहे तेवढी सगळी कामात असते. माझ्या लॅपटॉपचा पडदा हल्ली असाच दिसतो. डाव्या बांधीत ऑनलाइन अर्ज, उजवीत सातबारा, खालच्या अरुंद पट्टीत मराठी मजकूर. नवी खिडकी उघडली की आधीच्या खिडक्या आपोआप आक्रसून तिला जागा देतात. ती मिटली की पसरून मोकळी जागा भरून काढतात. कोणी कोणाला झाकत नाही.

याला टायलिंग विंडो मॅनेजर म्हणतात. टाइल म्हणजे फरशी. मी बांधी म्हणते.

*

बहिणीचा मुलगा नागपूरला शिकतो. माझे दुकान टायपिंगचे, अर्ज भरण्याचे आणि थोड्याफार डीटीपीचे. लॅपटॉप जुना, तीन-चार गोष्टी एकदम उघडल्या की दमणारा. मे महिन्याच्या सुट्टीत त्याने हे पाहिले, लिनक्स टाकून दिले आणि त्यावर आय-थ्री नावाचा विंडो मॅनेजर बसवला. जाताना म्हणाला, "मावशी, यात स्टार्टचे बटन नाही, फुलीचे बटन नाही. सगळे कळांवर आहे, आणि कळा तू ठरवायच्या."

"तू ठरवल्यास त्याच दे ना."

"त्या माझ्या हाताच्या आहेत. तुझे काम वेगळे, तुझा हात वेगळा."

हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. पुढची टिपणे त्याच वहीतली.

*

कल्पना नवी नाही. १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकावर खिडक्या शेजारी शेजारीच मांडल्या जात. विंडोज १.० नोव्हेंबर १९८५ मध्ये आले तेव्हा त्यातल्या खिडक्याही एकमेकींवर चढत नसत. १९८७ मध्ये विंडोज २.० आले आणि एकीवर एक खिडकी ठेवायची सोय झाली. पुढे जगभर तीच पद्धत रूढ झाली. टेबलावर कागदांचा ढीग असतो तसा पडद्यावर खिडक्यांचा ढीग.

शेजारी मांडण्याची पद्धत जपली ती लिनक्सवर काम करणाऱ्या प्रोग्रामरांनी. २००० मध्ये रॅटपॉयझन आला. माऊसचे काम संपवायचे म्हणून हे उंदराच्या विषाचे नाव. २००६ मध्ये डीडब्ल्यूएम, २००७ मध्ये एक्समोनॅड, २००९ मध्ये मायकेल श्टापेलबर्ग यांचा आय-थ्री. डीडब्ल्यूएममध्ये कळ बदलायची तर सी भाषेतली फाइल बदलून प्रोग्राम पुन्हा बांधावा लागतो. एक्समोनॅडची मांडणी हास्केल भाषेत लिहितात. आय-थ्रीची मांडणी साध्या मजकुराच्या फाइलीत असते: एका ओळीत एक कळ, पुढे तिचे काम. मी प्रोग्रामर नाही, पण ती फाइल मला वाचता येते. जे वाचता येते ते बदलायचा धीर होतो.

*

आय-थ्री पहिल्यांदा सुरू होताना एकच गोष्ट ठरवायला लावतो: मुख्य कळ कोणती, ऑल्ट की विंडोजच्या चिन्हाची? या कळेला तो 'मॉड' म्हणतो. ती दाबून दुसरी कळ दाबली की हुकूम सुटतो.

मी चिन्हाची कळ घेतली. ऑल्ट अनेक प्रोग्रामांच्या मेनूसाठी आधीच कामात असते. ती घेतली तर एकाच बांधीवर दोन मालक होतात. चिन्हाच्या कळेवर लिनक्समध्ये फारसा कोणाचा हक्क नसतो. चिन्ह खिडकीचे आहे आणि काम खिडक्यांचे आहे, म्हणून वहीत मी तिला 'खिडकीची कळ' म्हणते.

*

माझी बोटे एका आयुष्यात तीनदा मराठी शिकली.

पहिल्यांदा गोंदियात, टाइपरायटरवर, मिनिटाला तीस शब्दांच्या सरकारी परीक्षेसाठी. दुसऱ्यांदा संगणकावर, कृतिदेव फॉन्टमध्ये, त्याच टाइपरायटरच्या वळणाने. तिसऱ्यांदा युनिकोड आले तेव्हा, इनस्क्रिप्टमध्ये.

तिसरी वेळ सर्वांत अवघड गेली. कृतिदेवमध्ये 'डी'ची कळ म्हणजे क. इनस्क्रिप्टमध्ये तीच कळ अक्षराचा पाय मोडते. कृतिदेवमध्ये 'के' म्हणजे काना. इनस्क्रिप्टमध्ये 'के' म्हणजे क. कित्येक महिने मी 'काम' लिहायला जायची आणि भलतेच उमटायचे.

पण तीन गोष्टी जागच्या जागी राहिल्या. 'जे'वर र, 'एस'वर मात्रा, 'एफ'वर पहिली वेलांटी. 'एफ' आणि 'जे' या दोन कळांवर बोटाला लागेल असा बारीक उंचवटा असतो. न बघता हात तिथे परत येतो. म्हणजे घर तेच राहिले, बाकी गाव बदलले. वेलांटीचा क्रम मात्र बदलला. आधी ती अक्षराच्या अगोदर द्यावी लागे, आता अक्षरानंतर. बोट तेच, वेळ वेगळी.

*

इनस्क्रिप्टची मांडणी १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण केली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. बाराखडीचे दोन हिस्से दोन हातांत वाटून दिले आहेत, त्यामुळे मराठी लिहिताना हात आलटून पालटून चालतात. आणि ती सर्व प्रमुख भारतीय लिप्यांना एकच आहे. 'के'च्या कळेवर मराठीत क, बंगालीत तोच क, गुजरातीत, तेलुगूतही तोच.

तिच्यातली मला सर्वांत आवडती गोष्ट शिफ्टची. नुसती कळ दाबली की क, शिफ्टसह ख. ग आणि घ. त आणि थ. प आणि फ. तेच स्थान, तोच उच्चार, फक्त श्वास जास्त. मात्रांचेही तसेच: नुसती कळ म्हणजे वेलांटी, शिफ्टसह पूर्ण इ. शिफ्ट म्हणजे 'तेच, पण जोर लावून'.

*

आणि हाच नियम आय-थ्रीत आधीच बसवलेला सापडला. खिडकीची कळ आणि दिशा: नजर शेजारच्या खिडकीत जाते. त्यात शिफ्ट मिळवली: खिडकी स्वतःच उचलून तिकडे जाते. आय-थ्रीत एकामागे एक असे अनेक पडदे ठेवता येतात. खिडकीची कळ आणि तीन: तिसऱ्या पडद्यावर जा. शिफ्टसह तीन: हातातली खिडकी तिसऱ्या पडद्यावर पाठव. शिफ्टशिवाय बघणे, शिफ्टसह हलवणे. अल्पप्राण आणि महाप्राण.

त्या दिवसापासून मी एक नियम धरला. नवी कळ ठरवताना तिची हलकी आणि जड अशी जोडी आधी ठरवायची. जोडी जुळली नाही तर ती जागा चुकीची.

*

'पऱ्हे' हा आमच्याकडचा शब्द. धानाची रोपे आधी एका जागी दाट वाढवतात ती पऱ्हे. मग ती उपटून चिखलात रोवतात ती रोवणी. इनस्क्रिप्टमध्ये हा शब्द असा उमटतो: एच, शिफ्ट आणि जे, डी, यू, एस. मधला तो ऱ अशा मराठी शब्दांना लागतो. टाइपरायटरवर शिकलेल्या माझ्या हाताला तो सापडला तेव्हा फार बरे वाटले. आपला शब्द आपल्यासारखा लिहिता येणे ही लहान गोष्ट नाही.

*

जून. दाखल्यांची गर्दी. आज मोठी अडचण झाली.

मराठी मजकूर लिहायला सोपे जावे म्हणून मी एक छोटा हुकूम लिहून ठेवला होता: इंग्रजी मांडणी काढून टाक, मराठी लाव. तो चालवला, आणि खिडक्यांच्या बहुतेक सगळ्या कळा मेल्या. खिडकीची कळ आणि 'जे', काही नाही. खिडकीची कळ आणि दोन, काही नाही, कारण माझ्या मराठी मांडणीत आकडेही देवनागरी उमटतात. फक्त एन्टर चालू होते, कारण एन्टर दोन्ही भाषांत एन्टरच. त्याने टर्मिनल उघडले. पण हुकूम लिहायचा तर तोही देवनागरीत उमटायला लागला. समोर दोन मुली दाखल्यासाठी बसलेल्या.

शेवटी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-दोन दाबून मागच्या काळ्या पडद्यावर गेले. तिथे इंग्रजी शाबूत होती. तिथून इंग्रजी मांडणी परत लावली. मुलींचे दाखले झाले. पण असे का झाले ते कळल्याशिवाय मला झोप येणार नव्हती.

*

कारण सापडले. ते नीट मांडून ठेवते, आमच्याकडच्या कोणाला उपयोगी पडेल.

कीबोर्डवरच्या प्रत्येक कळेला एक नंबर असतो. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत 'एच'चा त्रेचाळीस, 'जे'चा चव्वेचाळीस, 'के'चा पंचेचाळीस, 'एल'चा शेहेचाळीस. हा नंबर जागेचा आहे. त्या जागी आज कोणते अक्षर उगवणार हे भाषा ठरवते. इंग्रजी असेल तर पंचेचाळीसवर 'के', मराठी असेल तर क.

म्हणजे सातबाराच. गाव नमुना सातमध्ये जमिनीचा गट नंबर आणि मालक, नमुना बारामध्ये त्या वर्षीचे पीक. गट नंबर तोच राहतो. पावसाळ्यात धान, पुढे हरभरा किंवा लाखोळी.

आय-थ्रीत कळ दोन प्रकारे बांधता येते. 'बाइंडसिम' लिहिले तर पिकाच्या नावाने: "जिथे 'जे' उगवतो तिथे." 'बाइंडकोड' लिहिले तर गट नंबराने: "चव्वेचाळीस नंबरवर, पीक कोणतेही असो." माझी सगळी फाइल पिकाच्या नावाने होती, आणि मी इंग्रजीचे पीकच काढून टाकले होते. आय-थ्री 'जे' शोधत राहिला आणि रानात सगळीकडे र, क, त, च उभे होते.

*

उपाय दोन. पहिला, सगळे नंबराने बांधणे. पक्के आहे, पण फाइल वाचताना पंचेचाळीस म्हणजे काय ते आठवावे लागते.

दुसरा, इंग्रजी काढायचीच नाही. मांडणीच्या यादीत दोन्ही ठेवायच्या, आधी इंग्रजी, मग मराठी. आय-थ्री सगळ्या कळांचा अर्थ पहिल्या मांडणीप्रमाणे लावतो आणि तो सर्व मांडण्यांत चालू ठेवतो. मराठी लिहीत असतानाही खिडकीच्या कळेसह चव्वेचाळीस दाबला की तो 'जे'च समजतो. मी हा मार्ग घेतला. क्रम उलटा ठेवला तर पुन्हा तीच अडचण.

वेलँड या नव्या चित्र-व्यवस्थेवर चालणारा स्वे नावाचा भाऊबंद आहे, आय-थ्रीचीच फाइल वाचणारा. त्याच्यात ओळीत 'टू-कोड' असा शब्द घातला की तो पिकाच्या नावावरून स्वतःच गट नंबर शोधून घेतो. ज्यांनी हे लिहिले त्यांना दोन भाषांत जगणारी माणसे ठाऊक असणार.

*

भाषा बदलायची कळ: कॅप्स लॉक. मोठी, हाताशी, आणि देवनागरीत तिचे एरवी काही काम नाही. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. तिचा दिवाही कामाला लावला. दिवा लागला म्हणजे मराठी, विझला म्हणजे इंग्रजी. पडद्याच्या कोपऱ्यातले चिन्ह शोधावे लागत नाही.

ऑल्ट आणि शिफ्टने भाषा बदलण्याची पद्धत पुष्कळांची आहे. ज्यांनी मुख्य कळ म्हणून ऑल्ट घेतली आहे त्यांनी ती टाळावी. खिडकी हलवायला गेले की भाषा बदलते.

*

दिशेच्या कळांची गोष्ट. १९७६ मध्ये बिल जॉय यांनी व्ही-आय हा मजकूर-संपादनाचा प्रोग्राम लिहिला तेव्हा ते एडीएम-थ्री-ए या टर्मिनलवर काम करत होते. त्याच्या कीबोर्डवर बाण वेगळे नव्हते. एच, जे, के, एल या चार कळांवरच बाण छापलेले होते. टर्मिनल गेले, बाण पुसले, पण पन्नास वर्षे होत आली तरी प्रोग्रामरांची बोटे त्याच चार कळांवर चालतात. जागेची सवय वस्तूपेक्षा जास्त टिकते.

आय-थ्रीने यात एक बदल केला. एच ही कळ खिडकीची आडवी विभागणी करायला ठेवली आणि दिशा एक घर उजवीकडे सरकवल्या: जे, के, एल आणि अर्धविराम. व्ही-आय वापरणाऱ्यांना हे खटकते, त्यातले पुष्कळजण ते बदलून घेतात. मी बदलले नाही. टायपिंगच्या वर्गात उजव्या हाताची चार बोटे ज्या चार कळांवर ठेवायला शिकवतात त्या याच. माझ्यासाठी र, क, त, च. हात उचलावाच लागत नाही.

*

आठवडाभर मोजणी केली. वहीत रकाने पाडले आणि प्रत्येक हालचालीला एक रेघ ओढली. अंदाज होता की नवी खिडकी उघडणे सर्वांत जास्त होत असेल. निघाले वेगळेच. सर्वांत जास्त रेघा अर्जातून कागदाकडे आणि कागदातून परत अर्जाकडे जाण्याच्या होत्या. नाव बघ, लिही. गट नंबर बघ, लिही. बँक खात्याचा आकडा बघ, लिही, पुन्हा ताडून बघ. त्यानंतर भाषा बदलणे. त्यानंतर पोचपावतीचे चित्र काढून ठेवणे. नवी खिडकी उघडणे पार खाली.

म्हणजे माझे काम उघडण्याचे नाही, ये-जा करण्याचे आहे. सगळ्यांत चांगली जागा त्याच ये-जा करण्याला मिळाली पाहिजे. चांगली जागा म्हणजे जिथे बोट आधीच आहे ती.

*

सध्याची यादी. सगळ्यांना आधी खिडकीची कळ.

जे, के, एल, अर्धविराम: डावी, खालची, वरची, उजवी खिडकी. शिफ्टसह: खिडकी तिकडे हलवा.

एक ते पाच: अर्ज, कागद, मजकूर, छपाई, हिशेब. ज्या आकड्यावर आहे तोच पुन्हा दाबला तर मागच्या पडद्यावर परत. हे फाइलीत एका ओळीने सांगावे लागते. रेघा सर्वांत जास्त कमी झाल्या त्या या ओळीने.

एफ: एकच खिडकी पूर्ण पडदाभर. बारीक अक्षरांचा जुना दाखला वाचायला.

उणे: कोनाडा. कॅल्क्युलेटर एरवी दिसत नाही. कळ दाबली की मधोमध येतो, पुन्हा दाबली की जातो.

ओ: निवडलेला फोटो अर्जाला लागतो तेवढ्या आकाराचा करणे.

प्रिंट: पोचपावतीचे चित्र, आपोआप तारखेच्या नावाने.

*

बंद करण्याची कळ. मूळ फाइलीत ती मॉड, शिफ्ट आणि क्यू आहे. एका हाताने दाबता येते, म्हणून सोयीची. एका संध्याकाळी घाईत ती माझ्याकडून दाबली गेली आणि तीन पानी अर्ज निघून गेला. ज्यांचा अर्ज होता ते काकाजी सकाळच्या बसने आले होते, परतीची शेवटची बस जायची होती. ते काही बोलले नाहीत. मी पुन्हा पहिल्यापासून भरला, आणि ते प्रत्येक आकडा पुन्हा सांगत राहिले.

आता ती कळ खिडकी, शिफ्ट आणि बॅकस्पेस आहे. चिन्हाची कळ डावीकडे, बॅकस्पेस उजवीकडे वर टोकाला. दोन्ही हात लागतात. ज्या कामाने नुकसान होऊ शकते त्याला दोन हात लागावेत. रोजच्या कामाची वाट सपाट असावी, तोडायची कुऱ्हाड मात्र उंचावर टांगावी.

*

काही कळा मी मुद्दाम ठरवल्या नाहीत. "वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की" हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल. एका कळेवर बसवता आले असते. बसवले नाही. ते वाक्य लिहिताना समोरचा माणूस काय मागतो आहे याचा विचार करायला मला तेवढा वेळ मिळतो. आणि अर्ज 'सादर करा' हे बटन मी माऊसनेच दाबते, अर्जदाराला पडदा दाखवून, त्याचे नाव मोठ्याने वाचून.

*

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. त्याच दिवसांत धानाची विक्री आणि खरेदी केंद्रावरची नोंदणी. दुकानात एकीकडे नाटकाची हस्तपत्रके, दुसरीकडे धानाचे कागद. पावसाळ्याच्या कळा या दिवसांत पुरत नाहीत.

आय-थ्रीत यासाठी 'मोड' असतात. एक कळ दाबली की तेवढ्यापुरता कळांचा वेगळा संच लागू होतो. मी 'छपाई' असा मोड केला. त्यात शिरले की नुसता एम दाबला की हस्तपत्रकाचा साचा, एल दाबला की लग्नपत्रिकेचा, पी दाबला की छापखान्याला पाठवायची फाइल. एकाच कळेला हंगामाप्रमाणे वेगळे काम.

मोड लिहिताना बाहेर पडायची ओळ आधी लिहावी: एस्केप, परत मूळ संचात. मी ती विसरले आणि आत अडकले. आतून मूळ फाइल पुन्हा वाचायला लावायची कळही चालत नव्हती. सुदैवाने टर्मिनल उघडे होते, तिथून हुकूम देऊन बाहेर आले. बांधीला पाणी घ्यायची वाट केली तर सोडायचीही करावी लागते, नाहीतर पऱ्हे सडतात.

*

कॉपी आणि पेस्ट ज्यांच्या कामातून आले ते लॅरी टेसलर आयुष्यभर मोडच्या विरोधात होते. त्यांचे म्हणणे असे की माणूस कोणत्या मोडमध्ये आहे हे विसरतो आणि तीच कळ दाबून भलतेच करून बसतो. अडकले त्या दिवशी मला ते पटले. तरी मी छपाईचा मोड ठेवला आहे, पण एका अटीवर: त्यात शिरले की पडद्याच्या तळच्या पट्टीवर 'छपाई' हे नाव दिसते, आणि एक काम झाले की तो आपोआप सुटतो. ज्या खोलीत शिरलो तिचे नाव दारावर लिहिलेले असावे.

*

भाचा दुसऱ्यांची फाइल पाहायला सांगतो. पाहते. रंग सुंदर असतात, कळा शेकड्याने असतात. त्यातल्या बहुतेक इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवर बेतलेल्या: फुलस्क्रीनसाठी एफ, रिसाइझसाठी आर. ज्याच्या डोक्यात ते शब्द आधी येतात त्याला हे सोपे. माझ्या डोक्यात 'मोठी कर' येते, आणि 'मो' कुठे आहे ते बोट विचारत नाही.

टायपिंग शिकलेल्या हाताला अक्षर आठवत नाही, जागा आठवते. मला कोणी विचारले की इनस्क्रिप्टमध्ये ळ कुठे आहे, तर मला हात हवेत धरून बघावे लागते. म्हणून मी कळ ठरवताना आद्याक्षर पाहत नाही. कोणते बोट, कोणती ओळ, शिफ्ट लागते का, एवढेच पाहते. एफ तशीच ठेवली ती डाव्या तर्जनीखाली उंचवट्याची कळ आहे म्हणून.

*

एका वेळी एकच कळ बदलावी, आणि आठवडाभर दुसरी बदलू नये. फाइल बदलली की पुन्हा वाचायला लावायची कळ आहे. चूक असेल तर वर पट्टी येते, आणि एकच कळ दोनदा बांधली असेल तर तेही सांगते. पण हाताची चूक ती पट्टी सांगत नाही. नवी कळ अंगवळणी पडली की नाही हे गर्दीच्या दिवशीच कळते.

जुनी ओळ मी खोडत नाही. तिच्यापुढे शेरा देते: कधी बदलली, का बदलली. फाइलीत ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह टाकले की आय-थ्री ती ओळ सोडून देतो. माझ्या फाइलीत आता हुकमांपेक्षा शेरेच जास्त झाले आहेत.

*

लिनक्समध्ये एका वेळी चार मांडण्यांना जागा असते. माझ्या दोन भरल्या आहेत. आमच्या भागात गोंडी बोलणारे पुष्कळ आहेत. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात १९१८ साली मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी लिपी तयार केली, आणि २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये आली. जवळजवळ शंभर वर्षांनी तिला तिचे गट नंबर मिळाले. माझी तिसरी जागा मी रिकामी ठेवली आहे. दुकानात कोणी त्या लिपीत लिहून मागितले तर ती असावी.

*

एक मुलगी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करायला संध्याकाळी येते. डावखुरी आहे. माझ्या कळांवर चार दिवस बसली आणि म्हणाली, "मॅडम, माझा उजवा हात दमतो." मी तिला फाइलीची प्रत करून दिली, वहीत रकाने पाडून दिले आणि आठवडाभर मोजायला सांगितले. तिने दिशा डाव्या हाताखाली नेल्या: ए, एस, डी, एफ. खिडकीच्या कळेचे काम उजवीकडच्या ऑल्टला दिले. मी आता तिच्या लॅपटॉपवर बसले तर एक खिडकी हलवू शकत नाही. ती मात्र वर न बघता काम करते.

आज तिच्याकडून अक्षरे छापलेली स्टिकरे काढून घेतली. कीबोर्ड कोरा झाला. ती थोडी घाबरली.

"मॅडम, क कोणत्या बटनावर?"

मी तिची बोटे उंचवट्यांवर ठेवली. "उजव्या हाताचे मधले बोट जिथे टेकले आहे तिथे. दाब."